वाकणारे स्फटिक आणि बाळाच्या हृदयातील छत्री

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, रक्तदाब, लसीकरण, वाढत्या वयातील आहार अशा विषयांवर उत्तम लेख येत असतात, आणि ते यायलाच हवेत. या वेळी मात्र मी वाचकांना थोड्या आडवाटेने नेणार आहे. विषय पदार्थविज्ञानातला आहे. पण तो आपल्या रुग्णांच्या दातांत, सांध्यांत, सोनोग्राफीच्या यंत्रात आणि माझ्या काही बालरुग्णांच्या तर थेट हृदयात जाऊन बसलेला आहे. ज्या वस्तू आपण विश्वासाने रुग्णाच्या शरीरात कायमच्या ठेवतो, त्या ताण पडल्यावर कशा वागतात हे ठाऊक असणे हा आपल्या व्यवसायाचाच एक भाग होय. ज्या आईवडिलांना आपल्या मुलासाठी असा निर्णय घ्यावा लागतो, त्यांनाही ते समजून घेण्याचा हक्क आहे. म्हणून हा लेख डॉक्टरांइतकाच डॉक्टर नसलेल्या सभासदांसाठीही आहे. गणित जवळजवळ नाही. एक भागाकार तेवढा आहे.

नावातले लोखंड

ज्या स्फटिकांविषयी लिहायचे आहे त्यांना 'फेरोइलॅस्टिक' म्हणतात. या नावाने पहिली फसगत होते. लॅटिन भाषेत 'फेरम' म्हणजे लोखंड. पण या स्फटिकांत लोखंड असण्याची काहीच गरज नसते. नाव आले ते उपमेतून.

लोखंडाच्या आत चुंबकत्वाचे लहान लहान प्रदेश असतात. प्रत्येक प्रदेशाची दिशा ठरलेली असते. बाहेरून चुंबक जवळ आणला की अनुकूल दिशेचे प्रदेश वाढतात, प्रतिकूल दिशेचे आक्रसतात, आणि चुंबक दूर नेल्यावरही त्या बदलाचा काही अंश टिकून राहतो. १९२० साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हॅलासेक यांना रोशेल सॉल्ट या स्फटिकात विजेच्या बाबतीत असेच वर्तन आढळले. अशा पदार्थांना पुढे 'फेरोइलेक्ट्रिक' हे नाव मिळाले. १९६९ साली जपानी शास्त्रज्ञ केइत्सिरो आइझू यांनी या कुटुंबातील तिसऱ्या भावंडाची रीतसर व्याख्या केली. ज्या स्फटिकाला, कोणताही ताण नसताना, दोन किंवा अधिक सारख्याच स्थिर ठेवणी असतात आणि ज्याला यांत्रिक ताणाने एका ठेवणीतून दुसरीत ढकलता येते, तो स्फटिक फेरोइलॅस्टिक होय. चुंबक, वीज आणि दाब या तिघांची कथा एकच आहे. पात्रे तेवढी वेगळी.

आणखी दोन शब्दांचा खुलासा आधीच करून ठेवतो. एखाद्या वस्तूच्या एकक क्षेत्रफळावर पडणाऱ्या बलाला आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत 'प्रतिबल' म्हणतात आणि त्यामुळे मूळ मापाच्या तुलनेत आकारात होणाऱ्या बदलाला 'विकृती'. आम्हा डॉक्टरांना विकृती म्हटले की रोग आठवतो. येथे तो अर्थ नाही. एक मीटर लांबीची तार ताणून एक सेंटिमीटरने लांबली तर तिची विकृती एक टक्का, इतकाच साधा अर्थ घ्यावा.

स्फटिकातील जुळी भावंडे

स्फटिक म्हणजे अणूंची शिस्तबद्ध मांडणी. पुष्कळ स्फटिक तापवले असता अधिक सममित होतात आणि थंड केले असता त्यांची सममिती घटते. एक चौकोनी खोका कल्पावा, ज्याच्या तिन्ही बाजू समान आहेत. थंड होताना तो एका बाजूने किंचित लांबला, तर प्रश्न येतो की कोणत्या बाजूने? तिन्ही बाजू सारख्याच होत्या. एकीला झुकते माप देण्याचे काहीच कारण नाही. म्हणून स्फटिकाच्या एका भागात खोके उभे लांबतात, शेजारच्या भागात आडवे, तिसऱ्या भागात मागे-पुढे. असे भाग एकमेकांना चिकटून राहतात. त्यांना 'जुळे' म्हणतात, आणि त्यांच्या सीमेला जुळ्यांची भिंत. बालरोगतज्ज्ञाला हा शब्द विशेष आवडतो, कारण येथेही भावंडे सर्व बाबतींत सारखी, फक्त तोंडे वेगळ्या दिशांना.

अशी भावंडे किती असू शकतील हे मोजण्याची रीत सोपी आहे. तापलेल्या स्थितीत स्फटिकाला स्वतःशी जुळवून घेण्याच्या जितक्या रीती असतील, त्या संख्येला थंड स्थितीतील रीतींच्या संख्येने भागावे. घनाकृतीला अशा ४८ रीती असतात. एका बाजूने लांबलेल्या चौकोनी खोक्याला १६. म्हणून ४८ भागिले १६ बरोबर ३ भावंडे. लेड फॉस्फेट हा या शास्त्रातला अभ्यासू मंडळींचा आवडता स्फटिक. तो सुमारे १८० अंश सेल्सिअसला रूप बदलतो. त्यात हाच हिशेब १२ भागिले ४ असा होतो आणि पुन्हा तीनच भावंडे मिळतात. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ती वेगवेगळ्या छटांच्या पट्ट्यांसारखी स्पष्ट दिसतात. ४८ भागिले ४, म्हणजे बारा भावंडांचेही एक कुटुंब आहे. त्याच्याकडे आपण लवकरच वळणार आहोत, कारण हृदयातल्या छत्रीचे रहस्य त्यातच आहे.

ताण पडला की काय होते?

समजा, अशा जुळ्यांनी भरलेल्या स्फटिकावर आपण एका दिशेने ताण देऊ लागलो. घटना टप्प्याटप्प्याने घडतात.

पहिल्या टप्प्यात स्फटिक कोणत्याही साध्या घन पदार्थासारखाच वागतो. थोडा ताण, थोडी विकृती. ताण सोडला की पूर्ववत. अणूंचे बंध किंचित ताणले जातात, त्यापलीकडे काही होत नाही.

दुसऱ्या टप्प्यात ताण एक ठरावीक मर्यादा ओलांडतो आणि भिंती सरकू लागतात. ज्या भावंडाची लांब बाजू ताणाच्या दिशेला आहे, त्याचा प्रदेश वाढतो. आडव्या भावंडांचा कमी होतो. येथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की कोणताही अणू फार दूर जात नाही. आपल्या जागेवरून अगदी थोडा हलतो, बंध तुटत नाहीत, शेजारी बदलत नाहीत. मोठी सतरंजी सरकवायची असेल तर ती सगळी एकदम ओढणे जड जाते. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेली, तर सतरंजी सहज सरकते. भिंतीचे सरकणे बरेचसे असेच असते. एका वेळी थोड्याच अणूंना वळावे लागते, म्हणून थोड्या वाढीव ताणाने पुष्कळ मोठी विकृती पदरात पडते.

तिसऱ्या टप्प्यात वळण्यासारखे सगळे भाग वळून झालेले असतात. मग स्फटिक पुन्हा ताठ होतो. याउपर ताण वाढवला तर बंध ताणले जाणार आणि शेवटी तुटणार.

आता ताण काढून घेतला तर? भिंती आपण होऊन मागे जात नाहीत. नवी ठेवणही जुनीइतकीच स्थिर असल्यामुळे स्फटिक तेथेच राहतो. परत आणायचा तर उलट दिशेने ताण द्यावा लागतो. लहान मुलींच्या केसांना लावायच्या, दाबताच 'टक्' आवाज करून मिटणाऱ्या पिना सर्वांनी पाहिल्या असतील. तिला दोन आकार आहेत, दोन्ही स्थिर आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जाण्यास ठरावीक जोर लागतो. फेरोइलॅस्टिक स्फटिक म्हणजे अशा असंख्य पिनांचा समुदाय समजावा. जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी असल्याने ताण व विकृती यांचा आलेख काढला तर सरळ रेषेऐवजी बंद वळसा मिळतो. या रेंगाळण्याला हिस्टेरेसिस म्हणतात. वळशाच्या आतले क्षेत्रफळ म्हणजे वाटेत खर्च झालेली ऊर्जा. ती मुख्यतः उष्णतेच्या रूपाने निघून जाते.

भिंती गुळगुळीतपणे सरकत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. वाटेतील अशुद्ध अणू, रिकाम्या जागा आणि इतर भिंती त्यांना अडवतात. भिंत अडखळते, ताण साचतो, मग ती एकदम उडी मारते आणि तिच्या धक्क्याने शेजारच्या भिंतीही निसटतात. केंब्रिजचे एखार्ड साल्ये यांनी या वर्तनाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. संवेदनशील उपकरणांनी या उड्यांचे ध्वनी टिपता येतात. त्यांत लहान उड्या पुष्कळ आणि मोठ्या थोड्या, असे भूकंपांच्या नोंदींसारखेच प्रमाण आढळते.

तापमानाचे महत्त्वही मोठे आहे. रूपांतराच्या तापमानाजवळ येऊ लागले की भावंडांमधील फरक सहसा कमी होत जातो, स्फटिक मऊ पडतो आणि भिंती हलवण्यास कमी जोर पुरतो. ते तापमान ओलांडले की सगळी भावंडे एकरूप होतात आणि ताणाने केलेले फेरफार पुसले जातात.

बोटांनी ठोकून लागलेला शोध

१७६१ साली ऑएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून आतील अवस्था ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. खानावळवाल्याचा हा मुलगा. पिपे ठोकून ते कुठवर भरले आहेत हे त्याने लहानपणी पाहिलेले होते. बोदा आवाज आणि घुमणारा आवाज यांतील फरक आपण आजही विद्यार्थ्यांना शिकवतो. मिश्रधातूंच्या इतिहासातील एका मोठ्या शोधाची सुरुवात अशाच आवाजांनी झाली.

१९५९ च्या सुमारास विल्यम ब्युलर हे अमेरिकेच्या नौदल आयुध प्रयोगशाळेत निकेल आणि टायटेनियम यांच्या मिश्रधातूवर काम करत होते. त्यांच्या ध्यानात आले की या धातूची थंड कांब फरशीवर पडली तर शिसे पडल्यासारखा बोदा आवाज येतो आणि ऊबदार कांब पडली तर घंटेसारखी घुमते. थंड कांबेत जुळ्यांच्या भिंती होत्या. कंपनाची ऊर्जा त्या हलताना खाऊन टाकत होत्या. ऊबदार कांबेत भिंतीच नव्हत्या, म्हणून कंपन टिकत होते. आज हे स्पष्टीकरण आपण सहज देतो, त्या वेळी ते कोडे होते.

१९६१ साली एका बैठकीत या धातूची घड्या घातलेली पट्टी नमुना म्हणून सर्वांच्या हातांतून फिरत होती. डेव्हिड मझी नावाच्या अधिकाऱ्याने गंमत म्हणून तिला आपल्या पाइपचा लायटर लावला, आणि पट्टी सर्वांच्या डोळ्यांदेखत उलगडून सरळ झाली. निकेल, टायटेनियम आणि प्रयोगशाळेच्या नावातील आद्याक्षरे जोडून तिला 'निटिनॉल' म्हणतात.

या मिश्रधातूचे ऊबदार रूप घनाकार असते, त्याला ऑस्टेनाइट म्हणतात. थंड रूप फार कमी सममितीचे, त्याला मार्टेन्साइट म्हणतात. ४८ भागिले ४ हा हिशेब त्याचाच, बारा भावंडे. थंड पट्टी वाकवली की ताणाला सोयीची भावंडे वाढतात आणि पट्टी वाकलेलीच राहते. हे सरळसरळ फेरोइलॅस्टिक वर्तन झाले. मग ती तापवली की प्रत्येक भावंडाला परतीची एकच वाट उपलब्ध असते, ती मूळच्या घनाकार घराकडे. सर्व अणू आपापल्या जुन्या जागी जातात आणि पट्टीला मूळ आकार परत मिळतो. लोक याला धातूची स्मरणशक्ती म्हणतात. खरे पाहता अणूंनी शेजार सोडलेलाच नसतो, म्हणून घर चुकत नाही.

आता दुसरा प्रकार. तापमान आधीपासूनच रूपांतराच्या वर आहे, म्हणजे तार घनाकार रूपात आहे, आणि आपण तिला वाकवतो. त्या तापमानाला मार्टेन्साइट आपण होऊन तयार होणार नाही. पण ताणाच्या दडपणाखाली तो तयार होतो, आणि तोही ताणाला अनुकूल अशाच भावंडांचा. अशा रीतीने तार सुमारे ८ टक्क्यांपर्यंत विकृती सहन करते. ताण सोडताच मार्टेन्साइटला तेथे राहण्याचे कारण उरत नाही. तो नाहीसा होतो आणि तार तत्काळ मूळ आकारात येते. लायटरची गरज नाही. यास अतिस्थितिस्थापकता म्हणतात. काटेकोर व्याख्येने फेरोइलॅस्टिक वर्तन ते पहिले. हा दुसरा प्रकार त्याचा सख्खा भाऊ. तुलनेसाठी सांगतो, साधी पोलादी तार अर्ध्या टक्क्याच्या आसपास विकृती झाली की कायमची वाकते. एक मीटर तारेच्या हिशेबात पाच मिलिमीटर आणि आठ सेंटिमीटर एवढा हा फरक आहे.

तार शरीराच्या तापमानाला कोणत्या रूपात असेल हे ठरते तिच्या घडणीवरून. निकेलच्या अणूंचे प्रमाण शेकडा एक दशांशाने बदलले तरी रूपांतराचे तापमान सुमारे १० अंशांनी सरकते. ३७ अंशांवर भरवसा ठेवता येईल अशी तार बनवणे हे त्यामुळे अत्यंत काटेकोर काम आहे.

एका आजोबांचे प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चार वर्षांची एक मुलगी वारंवार सर्दी-खोकला होतो म्हणून माझ्याकडे येत असे. छाती तपासताना हृदयाचा दुसरा ध्वनी दुभंगलेला आणि श्वासाबरोबर न बदलणारा ऐकू आला. इकोकार्डिओग्राफीत दोन कर्णिकांमधील पडद्याच्या मध्यभागी छिद्र दिसले आणि हृदयाची उजवी बाजू मोठी झालेली होती. छिद्राच्या कडा भरपूर होत्या. हृदयरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेऐवजी मांडीच्या शिरेतून डिव्हाइस बसवण्याचा सल्ला दिला. आपल्याकडे पालक त्याला 'छत्री' म्हणतात.

मुलीचे आईवडील गोंधळलेले होते. सोबत आजोबा होते, इंदूरच्या एका कापडगिरणीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेले. त्यांनी मला स्पष्टच विचारले, "डॉक्टरसाहेब, एवढी मोठी छत्री तीन-चार मिलिमीटरच्या नळीतून नेणार म्हणता. तार एकदा चेपली की चेपली. ती आत जाऊन पुन्हा गोल होईल, हे कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना पिनेचे, सतरंजीचे आणि पट्टीचे उदाहरण सांगितले. हे डिव्हाइस म्हणजे निटिनॉलच्या बारीक तारांची विणलेली जाळी. दोन चकत्या आणि मध्ये अरुंद कंबर. विणल्यानंतर साच्यात धरून सुमारे ५०० अंश तापमानाला तिला हा आकार दिलेला असतो. नळीत ओढताना प्रत्येक तार ताणाखाली मार्टेन्साइट होत जाते आणि जाळी लांब, सडपातळ बनते. नळीबाहेर येताच ताण संपतो, तार मूळ रूपात येते आणि एक चकती डाव्या कर्णिकेत, दुसरी उजव्या कर्णिकेत उघडते. पडदा मधोमध धरला जातो. जागा योग्य वाटली नाही तर सोडण्यापूर्वी ती पुन्हा नळीत ओढून घेता येते, आणि पुन्हा उघडली तरी आकार तोच. आतील पॉलिएस्टरच्या कापडामुळे रक्ताची गळती थांबते व काही महिन्यांत हृदयाचे अस्तर तिच्यावर वाढते.

"आणि पोरगी मोठी झाल्यावर ती लहान नाही पडणार?" आजोबांचा दुसरा प्रश्न.

"नाही, आजोबा. छिद्र बुजलेले असते. पडदा तिच्या भोवतीने वाढतो. छत्रीने वाढण्याची गरज नसते."

"गंजली तर?"

टायटेनियमच्या ऑक्साइडचा पातळ थर तारेचे रक्षण करतो, असे मी सांगितले. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "धातू चांगला आहे. करून घ्या." मुलीच्या वडिलांचा चेहरा त्या एका वाक्याने सैल झालेला मी पाहिला. छिद्र, दाब, प्रवाह या आमच्या शब्दांनी जे साधले नव्हते, ते धातूच्या वर्तनाच्या साध्या स्पष्टीकरणाने साधले. डिव्हाइस व्यवस्थित बसले. मुलगी आता माध्यमिक शाळेत आहे.

या उपचाराचा इतिहासही थोडक्यात पाहण्यासारखा आहे. १९७६ साली किंग आणि मिल्स यांनी शस्त्रक्रियेविना असे छिद्र बंद केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांच्या छत्रीचा सांगाडा पोलादाचा होता आणि तिला फार जाड नळी लागे. लहान मुलांत ते अवघडच. मिनेसोटा विद्यापीठातील क्ष-किरणतज्ज्ञ कुर्ट अॅम्प्लाट्झ यांनी निटिनॉलची जाळी वापरली. तिचा मानवी वापर १९९५ मध्ये सुरू झाला आणि अमेरिकेत २००१ साली तिला मान्यता मिळाली. २०१९ मध्ये याच जातीच्या एका चिमुकल्या डिव्हाइसला ७०० ग्रॅम वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील उघडी राहिलेली धमनीनलिका बंद करण्यासाठी तेथे मान्यता मिळाली. नवजात अतिदक्षता विभागात काम केलेल्यांना या वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको.

दात, सांधे आणि सोनोग्राफी

वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तारांतही निटिनॉल आहे. आयोवा विद्यापीठातील दंततज्ज्ञ जॉर्ज अँड्रिआसन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी हा वापर रूढ केला. पोलादी तारेचा जोर दात हलू लागताच झपाट्याने उतरतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा आवळावी लागते. निटिनॉलची तार आलेखातील सपाट भागावर काम करते. दात पुष्कळ सरकला तरी जोर जवळजवळ तोच आणि सौम्य. मुलाला कमी दुखते आणि फेऱ्याही कमी होतात.

दातांच्या पांढऱ्या टोप्यांसाठी वापरले जाणारे झिर्कोनिया हे दुसरे उदाहरण. शुद्ध झिर्कोनिया थंड होताना सुमारे ११७० अंशांना रूप बदलून ४ ते ५ टक्के फुगते आणि तडकते. थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळले की तिचे वरचे रूप सामान्य तापमानालाही टिकते. मग एखादी चीर पडू लागली की तिच्या टोकाशी असलेले कण ताणामुळे रूप बदलतात, फुगतात आणि चीर दाबून बंद करू पाहतात. १९७५ साली गार्व्ही आणि सहकाऱ्यांनी हे दाखवले. १९८६ साली विरकर आणि मात्सुमोटो यांनी त्यात फेरोइलॅस्टिक भरही दाखवली. चिरेजवळची जुळी भावंडे दिशा बदलतात आणि चिरेची ऊर्जा खर्ची पाडतात. तथापि झिर्कोनियाच्या कृत्रिम खुब्यांचे काही गोळे घडणीतील बदलामुळे अकाली फुटू लागल्याने २००१ साली ते परत मागवावे लागले होते. पदार्थ चांगला असणे आणि तो चांगला घडवला जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा त्यातून मिळालेला धडा.

सोनोग्राफीच्या बहुतेक प्रोबमध्ये लेड झिर्कोनेट टायटेनेटची पातळ पट्टी असते. ती फेरोइलेक्ट्रिकही आहे आणि फेरोइलॅस्टिकही. तिच्यातील काही भिंती विजेने हलतात तशाच दाबानेही हलतात. तयार करताना प्रबळ विद्युत्क्षेत्रात तिचे प्रदेश एका दिशेला लावलेले असतात. तीव्र उष्णता किंवा अतिरिक्त दाब ती शिस्त मोडू शकतो. प्रोब हाताळताना आम्ही तंत्रज्ञांना जी काळजी घ्यायला सांगतो, तिच्यामागे हेही एक कारण आहे.

मर्यादा

कौतुकाबरोबर मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. निटिनॉलची ८ टक्के विकृती एखाद्या वेळची. लहान मुलाचे हृदय मिनिटाला ९० वेळा धडकते असे धरले तर वर्षाला सुमारे पावणेपाच कोटी ठोके होतात. इतक्या वेळा पुनःपुन्हा होणारी विकृती अर्ध्या टक्क्याहूनही कमी ठेवावी लागते. अन्यथा तार थकून तुटू शकते. उत्तम डिव्हाइसची रचना हे गृहीत धरूनच केलेली असते.

डिव्हाइस बसवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील निकेल किंचित वाढते आणि पुढील महिन्यांत पूर्ववत होते. बहुसंख्य रुग्णांना त्याचा त्रास होत नाही. परंतु खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने पुरळ उठत असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. कर्णिकेच्या भिंतीला डिव्हाइस घासून इजा होण्याचा धोका हजारात एक ते तीन इतका नोंदला गेला आहे. विरळा असला तरी गंभीर, म्हणून छातीत दुखणे, चक्कर, धाप यांकडे दुर्लक्ष करू नये. शिवाय सर्वच छिद्रे या उपायाची नसतात. पडद्याच्या मध्यभागी असलेल्या आणि पुरेशा कडा असलेल्या छिद्रांनाच तो लागू पडतो. इतरांसाठी शस्त्रक्रियाच योग्य.

नावातील 'फेरो'मुळे होणारा एक गैरसमज येथे दूर करतो. असे डिव्हाइस असलेल्या मुलाला एमआरआय कधीच करता येणार नाही, असे पालकांना परस्पर सांगितले गेल्याचे मी ऐकले आहे. निटिनॉल लोखंडासारखे चुंबकाकडे खेचले जात नाही. डिव्हाइसच्या कार्डावर दिलेल्या अटी पाळून ही तपासणी करता येते. म्हणून ते कार्ड जपून ठेवावे, शाळा बदलली, गाव बदलले, डॉक्टर बदलले तरी सोबत न्यावे. पहिले सहा महिने रक्त पातळ ठेवणारे औषध आणि दातांच्या उपचारांपूर्वी प्रतिजैविक घेण्याची सूचना काटेकोर पाळावी. त्यानंतरही इको तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावी.

शेवटी एक समाधानाची बाब. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेने बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या सहकार्याने निटिनॉलचे असे डिव्हाइस भारतात विकसित केले आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्यातील एका कंपनीकडे सोपवले गेले. विमानविद्येतील अभियंते आणि हृदयरोगतज्ज्ञ एकत्र बसल्यावर हे घडते. आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांत एक मूल वैद्यकीला आणि दुसरे अभियांत्रिकीला असते. सुटीत घरी आल्यावर त्या दोघांनी एकमेकांच्या अभ्यासाची पुस्तके थोडी चाळावीत, एवढीच या निमित्ताने विनंती.